सुताराच्या ताटातील भुसा

मार्च महिन्याच्या १९ तारखेला, संत योसेफाच्या सणादिवशी, सिसिली बेटावरील अनेक गावांत अन्नाने भरलेले मेज मांडले जाते आणि गोरगरिबांना त्यावर मानाने बसविण्याची जुनी चाल आहे. सण प्रायश्चित्तकाळात येत असल्याने मेजावर मांस नसते. पास्त्यावर चीजऐवजी खरपूस भाजलेल्या शिळ्या पावाचा चुरा भुरभुरतात. हा चुरा म्हणजे सुतार योसेफाच्या हाताखालचा लाकडाचा भुसा, असे तेथील लोक मानतात. प्रतीक सुरेख आहे. परंतु चीज परवडेना म्हणून आधी चुरा आला आणि त्याला अर्थ मागाहून लाभला, असे आम्हांस वाटते.

हल्ली आपल्या लग्नमांडवांतही पास्त्याचे स्वतंत्र मेज दिसते, आणि 'मुळात हे गरिबांचे अन्न' असे कुणीतरी जाणकारपणे सांगत असते. इतिहास मात्र इतका सरळ नाही. मार्को पोलोने पास्ता चीनहून आणला ही कथा तर सोडूनच द्यावी. तो परतला १२९५ साली. त्याआधी, ११५४ मध्ये, अल-इद्रिसी या अरब भूगोलकाराने पालेर्मोजवळील त्राबिया येथे शेवयांसारखा पदार्थ तयार होऊन जहाजांनी दूरदेशी जात असल्याची नोंद केली होती.

पुढे कित्येक शतके पास्ता ही चैनच होती. नेपल्समध्ये १५०९ साली निघालेल्या एका फर्मानान्वये पीठ महागले की मॅकरोनी व शेवया करण्यास मनाई होती. आधी भाकरीपुरते पीठ उरले पाहिजे, हा त्यामागचा हेतू. तेथील सामान्य जन तेव्हा 'पालेखाऊ' म्हणून ओळखले जात, कारण त्यांचे पोट कोबी व पालेभाज्यांवर भरे. सतराव्या शतकात शहराची लोकसंख्या फुगली, मांस व भाजीचा पुरवठा अपुरा पडू लागला. त्याच सुमारास पीठ मळण्याची व दाबून काढण्याची यंत्रे सुधारली, पास्ता स्वस्त झाला आणि पालेखाऊंचे 'मॅकरोनीखाऊ' झाले. टोमॅटो या ताटात फार उशिरा, एकोणिसाव्या शतकात रुळला.

खेड्यातील शेतमजुराची गोष्ट निराळी. उत्तरेत तो मक्याच्या घाट्यावर जगत होता आणि त्यापायी पेलाग्रा रोगाने गांजला होता. दक्षिणेत गव्हाचा पास्ता बहुधा सणासुदीलाच शिजे. १८८० ते १९२० या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेस गेले. सणाचा पास्ता रोजच्या ताटात येणे अनेकांना तेथेच प्रथम शक्य झाले. आज 'आजीच्या हातचे रोजचे जेवण' म्हणून ज्याचे कौतुक होते, ते पुष्कळ आज्यांना रोज मिळतच नव्हते.

मिळाले ते त्यांच्या हातांमुळे. उत्तरेकडील एमिलिया प्रांतात मऊ गव्हाच्या पिठात अंडी घालतात, साधारण १०० ग्रॅमला एक. दक्षिणेतील गृहिणीला अंडे विकून मीठ-तेल आणायचे असे. तिने डुरुम गव्हाचा बारीक रवा नि कोमट पाणी एवढ्यावरच भागविले. (आपल्याकडे शेवयांसाठी नावाजलेला बन्सी गहू याच जातीचा.) पाच जणांच्या कुटुंबास अर्धा किलो रवा व पाव लिटर पाणी पुरते. दहा मिनिटे जोर लावून मळायचे, अर्धा तास झाकून ठेवायचे, बोटाएवढ्या वळ्या करून तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा अंगठ्याने ओढून त्याची छोटी वाटी करायची. बारी शहराच्या जुन्या भागात स्त्रिया आजही दाराशी बसून या 'कानांच्या पाळ्या' वळतात. आमची आई उन्हाळ्यात खाटेवर शेवया वाळत घाली, तिची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

थोडक्या पास्त्यात पोट भरावे म्हणून चणे किंवा घेवडा शिजवून त्याच पाण्यात पास्ता टाकत. डाळीचा दाटपणा आमटीला येई आणि मांसाची उणीव कमी भासे. पुलिया प्रांतात तर कापणीनंतर जाळलेल्या शेतांतून करपलेले दाणे वेचून त्यांचे काळपट पीठ चांगल्या पिठात मिसळीत, असे तेथील वृद्ध सांगतात. आता तेच पीठ उपाहारगृहांत चढ्या भावाने विकले जाते!

नेपल्समध्ये रात्री उरलेला पास्ता टाकून देत नाहीत. सकाळी दोन-तीन अंडी फेटून त्यात तो कालवतात, तव्यावर दोन्ही बाजूंनी लालसर भाजतात आणि त्याचे तुकडे कामावर जाणाऱ्याच्या डब्यात घालतात. तो थंडच खायचा असतो.