काठापलीकडचा दर्यावर्दी : व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी

विसर्जनाच्या दिवशी आपण सारे पाण्याकाठी जमतो, बाप्पांना निरोप देतो आणि काठावरूनच माघारी फिरतो. शिवछत्रपतींच्या आरमाराचा आणि कान्होजी आंग्र्यांचा अभिमान आपल्याला आहे, पण समुद्राशी आपली ओळख बहुधा काठापुरतीच! ही ओळख काठापलीकडे जावी म्हणून अखेरपर्यंत झटलेल्या एका मराठी नौदल अधिकाऱ्याचे हे स्मरण.

मनोहर प्रल्हाद आवटी यांचा जन्म आपल्यातील अनेकांप्रमाणे महाराष्ट्राबाहेरचा. ७ सप्टेंबर १९२७ रोजी ते सुरतेत जन्मले. मुंबईच्या ‘डफरिन’ या प्रशिक्षण जहाजावरून १९४५ मध्ये बाहेर पडून ते नौदलात दाखल झाले. इंग्लंडमध्ये त्यांचे पुढील शिक्षण झाले आणि संदेशवहन हा त्यांचा खास विषय ठरला.

१९७१ च्या युद्धात ‘आयएनएस कमोर्टा’ या पाणबुडीविरोधी नौकेची सूत्रे त्यांच्याकडे होती. बंगालच्या उपसागरात ‘विक्रांत’वरील विमाने चितगाव आणि कॉक्स बाजारवर मारा करीत होती, तर आपल्या युद्धनौका शत्रूचा सागरी मार्ग रोखून होत्या. पूर्व पाकिस्तानातील फौजेला समुद्रावाटे ना रसद मिळाली, ना निसटता आले. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. या युद्धातील कामगिरीबद्दल आवटींना वीरचक्र मिळाले. पुढे ते खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रमुख झाले. पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख म्हणून १९८३ मध्ये ते निवृत्त झाले. परमविशिष्ट सेवा पदकानेही त्यांचा गौरव झाला.

येथे एखाद्याची कारकीर्द संपली असती. आवटी साताऱ्यातील फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहू लागले, पण मन दर्यातच होते. सेवेत असतानाच, १९७८ मध्ये, त्यांनी मुंबईत ‘मेरिटाइम हिस्टरी सोसायटी’ स्थापन केली होती. आता त्यांना ध्यास लागला तो एका भारतीयाने भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, याचा!

२००६ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, या ‘सागर परिक्रमे’ला नौदलाचे पाठबळ मिळाले. कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. गोव्याच्या दिवाडी बेटावर ५६ फुटी ‘म्हादई’ बांधली गेली. १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघालेले दोंदे चार ठिकाणी थांबून मे २०१० मध्ये परतले. असे करणारे ते पहिले भारतीय! २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी हीच प्रदक्षिणा कोठेही न थांबता केली. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलातील सहा महिला अधिकारी ‘तारिणी’तून जग फिरून आल्या.

हे सारे ‘याचि देही याचि डोळा’ पाहून आवटींनी नोव्हेंबर २०१८ मध्ये जगाचा निरोप घेतला. २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी ‘तारिणी’तूनच पुन्हा प्रदक्षिणा पूर्ण केली, तेव्हा ते नव्हते, त्यांनी दाखवलेली वाट मात्र होती.

वीरचक्र एका युद्धातील शौर्याचे होते. त्यांचे मोठे काम मात्र निवृत्तीनंतरचे, दुसऱ्यांच्या हाती शीड सोपवण्याचे. यंदा बाप्पांना निरोप देताना पाण्याकाठी क्षणभर थांबूया, मुलांना क्षितिज दाखवूया आणि या दर्यावर्दीची गोष्ट सांगूया.

त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!