मत नाही, पण मसुद्यावर बोट ठेवता येतं: नॉर्वेची गोष्ट

1 मे 2014. महाराष्ट्र दिन. त्याच दिवसापासून युरोपियन युनियनने भारतातून येणाऱ्या आंब्यावर बंदी घातली होती, आठवत असेल. सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूही होतं. कारण काय, तर आधीच्या मालात फळमाशी आणि इतर कीड सापडली होती. आम्ही पत्रकारांनी बागायतदारांच्या प्रतिक्रिया छापल्या, सरकारी निवेदनं छापली. जानेवारी 2015 मध्ये आंब्यावरची बंदी उठवायचा निर्णय झाला आणि आमच्यापुरता विषय संपला.

एक प्रश्न तेव्हा सुचायला हवा होता, सुचला नाही. हे नियम लिहिले जात असतात तेव्हा बाहेरच्या देशाला तिथे काही बोलता येतं का?

येतं. पण सगळ्यांना सारखं नाही. युनियनच्या बाहेर राहून तिथले नियम घडवण्यात सगळ्यात जास्त हात कुणाचा असेल, तर तो नॉर्वेचा. त्यांनी तो कसा मिळवला आणि त्याची काय किंमत मोजली, हे समजून घेण्यासारखं आहे. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

सुरुवात 1960 पासून. सहा देशांनी आपली सामायिक बाजारपेठ उभी केली होती. त्यात न गेलेल्या ब्रिटन, नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि पोर्तुगाल या सात देशांनी 'एफ्टा' नावाचा वेगळा गट केला. आपसात जकात नको, पण सामायिक कायदे आणि वर बसलेली सत्ताही नको, असा साधा हिशोब. मग ब्रिटन आणि डेन्मार्कनेच पलीकडे जायचं ठरवलं. नॉर्वेच्या सरकारनेही करारावर सही केली, पण सप्टेंबर 1972 च्या सार्वमतात 53.5 टक्के लोकांनी 'नको' म्हटलं. पंतप्रधान ब्राटेली यांनी राजीनामा दिला.

लोक नको का म्हणाले? मच्छीमारांना आपलं समुद्रातलं हक्काचं पाणी जाईल ही भीती होती. उत्तरेकडच्या थंडीत शेती करणाऱ्यांना स्वस्त मालाची भीती होती. शिवाय हा देश आधी डेन्मार्कच्या आणि मग स्वीडनच्या छत्राखाली राहिलेला, 1905 साली मोकळा झालेला. 'युनियन' हा शब्दच तिथे जखमेवर बोट ठेवल्यासारखा.

पण बाजार काही सार्वमत बघून थांबत नाही. 1985 पासून जॅक देलोर यांच्या आयोगाने एकसंध बाजारपेठेचं काम हाती घेतलं. 1992 संपेपर्यंत माल, सेवा, भांडवल आणि माणसं यांच्या आड येणाऱ्या भिंती पाडायच्या, म्हणजेच सगळीकडे नियम एक करायचे. नॉर्वेचा बहुतेक माल याच देशांत जायचा. जकात आधीच गेली होती. आता अडथळा होता तो नियमांचा: डब्यावरचं लेबल, यंत्राची चाचणी, औषधाची परवानगी.

17 जानेवारी 1989 रोजी देलोर यांनी युरोपियन संसदेत एफ्टा देशांपुढे हात केला. आपलं नातं जास्त पक्कं करू, निर्णय घेणाऱ्या सामायिक संस्था उभारू, असं ते बोलले. एफ्टाच्या राजधान्यांत आनंद झाला. सदस्य न होता निर्णयात वाटा, आणखी काय हवं! पण वर्षभरातच, जानेवारी 1990 मध्ये, देलोर मागे आले. निर्णयात वाटा हवा तर सदस्य व्हा, बाहेरच्यांना तो देता येणार नाही. पुढे डिसेंबर 1991 मध्ये युरोपियन न्यायालयाने ठरलेलं संयुक्त न्यायालयही बेकायदा ठरवलं. पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि 2 मे 1992 रोजी पोर्तो शहरात 'युरोपियन इकॉनॉमिक एरिया'चा, म्हणजे ईईएचा, करार झाला.

नॉर्वेच्या संसदेने तो 130 विरुद्ध 35 मतांनी मान्य केला. स्वित्झर्लंडच्या जनतेने 50.3 टक्क्यांनी नाकारला. 1 जानेवारी 1994 पासून करार लागू झाला आणि वर्षभरात एफ्टाची बाजू रिकामी झाली. नियम पाळायचेच आहेत तर मत का सोडायचं, असा विचार करून ऑस्ट्रिया, स्वीडन आणि फिनलंड 1995 मध्ये थेट सदस्य झाले. नॉर्वेत नोव्हेंबर 1994 मध्ये पुन्हा सार्वमत झालं. पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांनी जोर लावला, तरी 52.2 टक्के 'नको'. म्हणजे भला मोठा करार शेवटी नॉर्वे, आइसलंड आणि पुढे आलेलं चिमुकलं लिख्टेनश्टाइन यांच्यापुरता उरला.

आता मुद्दा. देलोर यांनी 'निर्णय' काढून घेतल्यावर हातात उरलं काय?

कराराचं कलम 99 सांगतं की नव्या नियमाचा मसुदा करताना आयोगाने जसा सदस्य देशांच्या तज्ज्ञांचा सल्ला घ्यायचा, तसाच या देशांच्या तज्ज्ञांचाही घ्यायचा. कलम 100 मुळे त्यांचे अधिकारी आयोगाच्या समित्यांतही बसतात. बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत. मसुदा मंत्र्यांच्या परिषदेत आणि युरोपियन संसदेत गेला की यांना खुर्चीच नाही. गावजेवणाच्या भाषेत सांगायचं तर आचाऱ्याशेजारी उभं राहून 'मीठ कमी आहे' म्हणायची मुभा आहे. पंगत बसली की विचारणारं कुणी नाही. आणि वर्गणी चुकत नाही: 2014 ते 2021 या काळासाठी या तीन देशांनी युनियनमधल्या कमी उत्पन्नाच्या देशांना 280 कोटी युरो देऊ केले, त्यात सगळ्यात मोठा वाटा नॉर्वेचा.

आचाऱ्याने ऐकल्याची उदाहरणं आहेत. मेक्सिकोच्या आखातात 2010 साली तेलविहिरीचा स्फोट झाल्यावर आयोगाने 2011 मध्ये समुद्रातल्या तेल-वायू सुरक्षेसाठी थेट लागू होणारा नियम सुचवला. नॉर्वे आणि ब्रिटन या दोघांनी विरोध केला. आमच्याकडे अनुभव आहे, आमची पद्धत मोडू नका, हे म्हणणं होतं. 2013 मध्ये मंजूर झाला तो थेट नियम नव्हता. प्रत्येक देशाला आपला कायदा करायला मोकळीक देणारा निर्देश झाला. आइसलंडचंही तसंच. विमानांच्या कार्बनवर युरोपने कडक नियम केला तेव्हा, आम्ही अटलांटिकच्या मध्यावर आहोत, आमच्याकडे रेल्वेच नाही, विमानाला पर्याय काय, हे त्यांनी लावून धरलं. मे 2023 मध्ये त्यांना 2025 आणि 2026 या दोन वर्षांपुरती सवलत मिळाली.

आणि न ऐकल्यास? कागदावर नकाराधिकार आहे. युनियनमध्ये मंजूर झालेला नियम ईईए करारात आपोआप येत नाही, संयुक्त समितीत एकमत लागतं. पण कलम 102 नुसार तोडगा निघाला नाही तर कराराचा तेवढा संबंधित भाग स्थगित होतो. म्हणजे नकार दिला की बाजाराचा तेवढा दरवाजा बंद. 2011 मध्ये नॉर्वेच्या मजूर पक्षाच्या अधिवेशनाने टपालाच्या निर्देशाला विरोध केला. पत्रांवरची सरकारी मक्तेदारी गेली तर दूरच्या बेटांवरच्या लोकांचं काय, हा प्रश्न होता. स्टोल्टेनबर्ग सरकारने नकाराधिकार वापरणार असं जाहीर केलं. 2013 ला सरकार बदललं, नव्या सरकारने विरोध मागे घेतला. तलवार म्यानातच राहिली.

नॉर्वेनेच नेमलेल्या समितीने 2012 मध्ये भला मोठा अहवाल दिला. नाव होतं 'बाहेर आणि आत'. युनियनच्या कायद्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश नॉर्वेने घेतलेत आणि ते ठरवताना नॉर्वेच्या मतदाराचा प्रतिनिधी कुठेच नव्हता, हे त्यात सरळ लिहिलंय. तिथे याला 'फॅक्स लोकशाही' म्हणतात: ब्रुसेल्सहून कागद यायचा आणि आपण सही करायची. हे भांडण जुनं झालेलं नाही. जानेवारी 2025 मध्ये ऊर्जेच्या निर्देशांवरूनच तिथला सेंटर पार्टी हा पक्ष सरकारमधून बाहेर पडला.

मला यातून एक गोष्ट दिसते. बाहेरच्याचा प्रभाव असतो तो सुरुवातीलाच, मसुदा ओला असताना. तो मिळतो तो त्या विषयातलं दुसऱ्यापेक्षा जास्त कळणाऱ्या माणसांमुळे. नॉर्वेकडे तेल, जहाजं आणि मासळी यातले जाणकार आहेत आणि ते ब्रुसेल्समध्ये ठाण मांडून बसलेत. पण जाणकार अधिकारी म्हणजे लोकशाही नव्हे. मच्छीमाराने 'नको' म्हटलं आणि त्याच्या वतीने अधिकारी ओळीतला स्वल्पविराम बदलून आला, एवढंच.

आपल्याकडे वळू. 10 मार्च 2024 रोजी भारताने एफ्टाच्या चार देशांशी व्यापार करार केला, 1 ऑक्टोबर 2025 पासून तो लागू आहे. त्याने आपल्याला ब्रुसेल्सच्या त्या खोलीत खुर्ची मिळत नाही. पण एक छोटी खिडकी 1995 पासून आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमानुसार अन्नसुरक्षा आणि कीडरोगाचे नवे मसुदे इतर देशांना आधी कळवावे लागतात, हरकतींसाठी सहसा 60 दिवस मिळतात. युरोपचे मसुदेही असेच येतात.

2010 मध्ये द्राक्षात क्लोरमेक्वाटचा अंश सापडला म्हणून युरोपात कंटेनर अडकले, तेव्हाही आपण नंतर धावलो. म्हणून माझ्यासकट सगळ्यांना विचारणं आहे. पुढच्या वेळी माल परत आल्याची बातमी करताना बागायतदार संघाला, निर्यातदाराला, कृषी खात्याला एवढंच विचारू या: त्या 60 दिवसांत आपल्याकडून कुणी काही लिहून पाठवलं होतं का?