गहू, रुपये आणि ग्रंथ

दोन राष्ट्रांमधील सांस्कृतिक देवघेवीचा इतिहास बहुधा करार, शिष्टमंडळे आणि समारंभ यांच्या नोंदींवरून लिहिला जातो. भारत आणि अमेरिका यांच्यातील देवघेवीचा एक मोठा अध्याय मात्र धान्याच्या हिशेबवहीत दडलेला आहे. शिकागो आणि फिलाडेल्फिया येथील विद्यापीठांच्या ग्रंथालयांत मराठी ग्रंथ ज्या वाटेने पोहोचले, ती वाट गव्हाच्या जहाजांनी आखून दिली होती.

या व्यवस्थेमागील कल्पना मुळात हिशेबाचीच होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेची पुष्कळ सामग्री परदेशांत पडून राहिली. ती घेणाऱ्या देशांजवळ डॉलर नव्हते. तेव्हा त्या त्या देशाच्या चलनात मिळणारा पैसा तेथेच विद्यार्थ्यांच्या व अध्यापकांच्या देवघेवीसाठी खर्चावा, अशी योजना सिनेटर फुलब्राइट यांनी १९४६ च्या कायद्याने मांडली. २ फेब्रुवारी १९५० रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू आणि अमेरिकेचे राजदूत लॉय हेंडरसन यांनी या योजनेचा भारताशी असलेला करार सही केला. पुढच्याच वर्षी भारताला धान्यासाठी १९ कोटी डॉलरचे कर्ज मिळाले. त्याच्या व्याजातील ५० लाख डॉलर ग्रंथ, प्रयोगशाळांची उपकरणे आणि शैक्षणिक देवघेव यांसाठी राखून ठेवण्यात आले. धान्य आणि ग्रंथ यांची सांगड प्रथम येथे पडली.

१० जुलै १९५४ रोजी अमेरिकेत संमत झालेल्या ‘पब्लिक लॉ ४८०’ या कायद्याने ही सांगड पक्की केली. अमेरिकी शेतकऱ्यांचे शिलकी धान्य गरजू देशांना द्यावे आणि त्याची किंमत त्यांच्याच चलनात घ्यावी, अशी त्याची रचना होती. भारताशी पहिला करार १९५६ मध्ये झाला. रेशनच्या दुकानांतील लाल गव्हामुळे आणि मिलोमुळे ‘पी. एल. ४८०’ हे नाव महाराष्ट्रातील घरोघरी माहीत झाले. धान्याच्या किमतीचे रुपये मात्र अमेरिकेच्या खात्यावर भारतातच साठत गेले. त्यांतील बराच भाग विकासकार्यासाठी भारत सरकारलाच कर्जाऊ मिळे, तर काही भाग अमेरिकेच्या येथील खर्चासाठी राहत असे.

हे रुपये देशाबाहेर नेता येत नव्हते. त्यांतून खरेदी केलेले ग्रंथ नेता येत होते. मिशिगनचे लोकप्रतिनिधी जॉन डिंगेल यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये कायद्यात तशी दुरुस्ती झाली आणि १९६२ मध्ये ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’चे कार्यालय नवी दिल्लीत सुरू झाले. तेथील भारतीय ग्रंथपाल आपापल्या भाषेतील नवी पुस्तके निवडत आणि त्यांच्या नोंदी करत. मग एकेक संच अमेरिकेतील निरनिराळ्या विद्यापीठांकडे रवाना होई. या कार्यालयाने प्रसिद्ध केलेली नव्या ग्रंथांची नियतकालिक सूची पुढे संशोधकांचे नेहमीचे साधन बनली.

मराठीच्या दृष्टीने हा काळ विशेष महत्त्वाचा होता. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आणि बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह ही दोन्ही पुस्तके १९६३ मधली. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ १९७२ चा. मराठी साहित्याची भाषा आणि त्यातील माणसे बदलत असतानाच परदेशी ग्रंथालयांसाठी मराठी पुस्तकांची नियमित खरेदी होत होती. पुस्तक थोर ठरल्यावर त्याचा शोध घेण्याऐवजी ते प्रसिद्ध होताच घ्यावे, हे या खरेदीचे वैशिष्ट्य होते. समकालीनांचा निवाडा पुष्कळदा चुकतो. संग्राहकाने त्यावर विसंबून न राहणे हेच शहाणपणाचे असते.

ग्रंथांबरोबर अभ्यासकही हवे होते. डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांच्या पुढाकाराने १९६१ मध्ये स्थापन झालेल्या ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज’चे भारतातील काम प्रथम पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सुरू झाले आणि त्यालाही याच रुपयांचे साहाय्य लाभले. ब्राउन यांच्याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एलिनॉर झेलियट यांनी डॉ. आंबेडकर आणि महार समाजाची चळवळ यांवरील प्रबंध १९६९ मध्ये पूर्ण केला. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीचा अभ्यास केला आणि त्या तेथेच स्थायिक झाल्या. असा अभ्यास मराठी साधनांवाचून होणे शक्य नव्हते.

या देवघेवीची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९६६ मध्ये भारताला १ कोटी टनांहून अधिक धान्य आयात करावे लागले, आणि अध्यक्ष जॉन्सन यांनी जहाजांची परवानगी थोड्या थोड्या मुदतीने देऊन ही निकड दबावासाठी वापरली. त्याच वर्षी ३० कोटी डॉलर किमतीच्या रुपयांतून भारत-अमेरिका प्रतिष्ठान उभारण्याचा त्यांचा प्रस्ताव पुढे आला. परकीय निधी आपल्या विद्यापीठांची दिशा ठरवील, अशी टीका येथील विचारवंतांनी केली आणि तो प्रस्ताव मागे पडला. ही भीती अनाठायी नव्हती. ज्या रुपयांतून मराठी पुस्तके अमेरिकेत जात होती, त्याच रुपयांच्या साहाय्याने अमेरिकी पाठ्यपुस्तकांच्या स्वस्त इंग्रजी आवृत्त्या भारतीय विद्यार्थ्यांच्या हाती येत होत्या. देशी भाषा तिकडे अभ्यासविषय झाल्या. ज्ञानभाषा म्हणून इकडे इंग्रजीचेच आसन बळकट झाले.

१८ फेब्रुवारी १९७४ रोजी राजदूत मॉयनिहन यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारला दिला आणि साठलेल्या रुपयांचा मोठा प्रश्न मिटला. पुढे हा निधी आटला, तरी अमेरिकी विद्यापीठांनी पदरच्या पैशाने ही खरेदी सहकारी पद्धतीने चालू ठेवली. गव्हाचे राजकारण संपले, ग्रंथसंग्रह टिकला.

भारतात १९५४ च्याच कायद्याने प्रत्येक नव्या ग्रंथाची प्रत ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना देणे प्रकाशकावर बंधनकारक केले. मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय त्यांपैकी एक. साहित्य अकादेमीने १९०१ ते १९५३ या काळातील भारतीय ग्रंथांची राष्ट्रीय सूची सिद्ध केली आणि त्या सूचीतील पुस्तकांचे सूक्ष्मपट तयार करण्याच्या कामी पुढे दोन्ही देश एकत्र आले. तरीही हजार-अकराशे प्रतींच्या आवृत्तीतले, हलक्या कागदावर छापलेले एखादे मराठी पुस्तक आपल्याकडे मिळत नाही आणि शिकागोच्या सूचीत सापडते, असा अनुभव अभ्यासकांना येतो. त्यासाठी परक्याचे ऋण मान्य करणे योग्यच. परंतु उसने आणलेले धान्य जसे कायमचे पुरत नाही, तशी दूरदेशी सांभाळलेली स्मृतीही भाषेला कायमची पुरत नाही. धान्याच्या बाबतीत हा देश स्वावलंबी झाला. ग्रंथांच्या बाबतीत ते काम अद्याप व्हावयाचे आहे.