एकसर की समांतर? एका जुन्या वादाची गोष्ट

'घरातील दिवे समांतर का जोडतात?' असे दहावीच्या वर्गात विचारले, तर बहुतेक विद्यार्थी सांगतात, 'एक दिवा गेला तरी बाकीचे चालू राहतात म्हणून.' उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. एवढेच कारण असते तर हा प्रश्न केव्हाच सुटला असता. प्रत्यक्षात ओहमचा नियम प्रसिद्ध होऊन पन्नास वर्षे झाल्यावरही नामवंत विद्युत-तज्ज्ञ सांगत होते, की एका जनित्रावर घरोघरचे लहान लहान दिवे लावणे व्यवहारात अशक्य आहे. सूत्र त्यांना पाठ होते. मग चुकले कुठे? हे समजून घेतले तर वर्गातील एक नेहमीचा प्रयोग अधिक अर्थपूर्ण करता येतो.

सुरुवात एका शिक्षकापासूनच करावी लागते. गेओर्ग ओहम हा जर्मनीतील कोलोन येथे शाळेत गणित आणि भौतिकी शिकवीत असे. १८२५ साली त्याने वेगवेगळ्या लांबीच्या तारांतून वाहणारी धारा मोजायला घेतली. पण त्या काळच्या रासायनिक घटांची धारा स्थिर राहत नसे. पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून त्याने घट सोडून बिस्मथ आणि तांबे यांचे तापविद्युत युग्म वापरले. एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला, की विद्युतदाब स्थिर राही. १८२६ साली त्याच्या हाती जे सूत्र आले ते असे होते:

धारा = अ ÷ (ब + क्ष)

येथे 'क्ष' म्हणजे तपासायच्या तारेची लांबी, म्हणजेच तिचा रोध. 'अ' हा स्रोताच्या विद्युतदाबावर अवलंबून असतो. 'ब' हा परिपथाच्या उरलेल्या भागाचा, त्यात स्रोताच्या आतलाही, रोध होय. १८२७ साली ओहमचा ग्रंथ निघाला. त्याचे स्वागत थंडपणे झाले आणि १८२८ साली त्याने नोकरी सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक देऊन त्याचा गौरव केला तो १८४१ साली. आपण वर्गात ओहमचा नियम शिकवतो तेव्हा हा 'ब' बहुधा गाळतो. पुढच्या वादाचे मूळ मात्र त्याच्यातच आहे.

विजेचा प्रकाश रस्त्यावर प्रथम आला तो कार्बन आर्क दिव्यांच्या रूपाने. दोन कार्बन कांड्यांमधील झोत डोळे दिपवणारा असे. तो चौकाला योग्य, पण खोलीत नकोसा. चार्ल्स ब्रश याने २९ एप्रिल १८७९ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलंड शहराच्या चौकात असे १२ दिवे लावले. ते एकसर जोडलेले होते. एकसर जोडणीत सगळ्या दिव्यांतून एकच धारा जाते, त्यामुळे लांबच लांब रस्त्याला एकच बारीक तार पुरते. एक दिवा बिघडला तर सगळे विझू नयेत म्हणून ब्रशने प्रत्येक दिव्याला धारा बाजूने वळवून देणारी स्वयंचलित कळ बसवली होती. म्हणजे 'एक गेला की सगळे जातात' या दोषावर एकसर जोडणीतही उपाय होता.

पण घरात दिवा लहान हवा आणि तो आपल्या मर्जीने लावता-विझवता यायला हवा. यालाच त्या वेळी 'विद्युतप्रकाशाची विभागणी' म्हणत. ब्रिटिश टपाल खात्याचे विद्युत-तज्ज्ञ विल्यम प्रीस यांनी १८७९ साली गणिताने दाखवले, की दिवे वाढवत नेले तर एकसर असोत वा समांतर, एकेका दिव्याचा प्रकाश झपाट्याने घटतो. विभागणी म्हणजे निव्वळ मृगजळ, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या गणितात आकडेमोडीची चूक नव्हती. त्यामागची गृहीते मात्र तपासलेली नव्हती. जनित्राचा अंतर्गत रोध बाहेरच्या परिपथाच्या रोधाएवढा असावा, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. तसे केल्यास एखाद्या स्रोतातून जास्तीत जास्त शक्ती मिळते हे खरे. पण तेव्हा निम्मी ऊर्जा जनित्रातच उष्णता होऊन वाया जाते. थॉमस एडिसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याच्या उलट केले. १८७९ साली त्यांनी अंतर्गत रोध अगदी कमी असलेले जनित्र बनवले, आणि दिव्याचा रोध मात्र वाढवला. 'ब' लहान आणि 'क्ष' मोठा!

दिव्याचा रोध वाढवण्यामागे आणखी एक हिशोब होता. १०० वॉटचा एक दिवा १ ओहम रोधाचा आहे असे समजा. त्याला १० व्होल्ट दाब आणि १० अँपिअर धारा लागेल. असे १०० दिवे समांतर जोडले तर मुख्य तारेतून १००० अँपिअर धारा न्यावी लागेल. आता तोच दिवा १०० ओहमचा करा. त्याला १०० व्होल्ट आणि १ अँपिअर लागेल आणि १०० दिव्यांची एकूण धारा होईल १०० अँपिअर. तारेतील ऊर्जाव्यय धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. धारा दहापट कमी झाली की तेवढाच व्यय सोसून तांबे शंभरपट कमी लागते. बारीक, लांब कार्बन तंतूचे महत्त्व यात होते. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट केंद्रातून सुमारे ४०० दिवे समांतर जोडणीवर उजळले.

त्याच वर्षी मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचा प्रकाश पडला. परंतु वीज पुरवणारी कंपनी लवकरच बुडाली आणि मंडईत पुन्हा गॅसचे दिवे आले. मुंबईला केंद्रातून नियमित वीज मिळू लागली ती १९०५ पासून. फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि घाटाच्या पायथ्याची वीज सुमारे एक लाख व्होल्ट दाबाने मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली. दाब वाढवा, धारा कमी करा, तांबे वाचवा, हा तोच हिशोब.

आता वर्गातला प्रयोग. लागणारे साहित्य: विजेरीचे २.५ व्होल्टचे तीन सारखे बल्ब, होल्डर, तारा, दोन नवे मोठे सेल आणि दोन वापरून थकलेले, पण एक बल्ब मंद का होईना पेटवणारे सेल.

प्रथम नवे सेल घेऊन तीन बल्ब एकसर जोडा. तिन्ही सारखेच मंद दिसतील. बल्बांच्या जागा अदलाबदल करून पाहा. 'पहिला बल्ब धारा खाऊन टाकतो' हा विद्यार्थ्यांचा पक्का गैरसमज येथे दूर होतो.

मग समांतर जोडणी करा. आधी एक बल्ब, मग दुसरा, मग तिसरा. नव्या सेलवर प्रकाशात थोडाच फरक पडेल. हेच थकलेल्या सेलवर करा. आता प्रत्येक नव्या बल्बाबरोबर आधीचे बल्ब स्पष्टपणे मंदावतील. नव्या सेलवर एडिसन बरोबर ठरतो, थकलेल्या सेलवर प्रीस!

सोयीसाठी बल्बचा रोध ८ ओहम आणि स्रोताचा दाब ३ व्होल्ट धरा. अंतर्गत रोध अर्धा ओहम असेल तर एका बल्बला सुमारे २.८ व्होल्ट आणि तीन समांतर बल्बांना प्रत्येकी २.५ व्होल्ट मिळतात. अंतर्गत रोध ८ ओहम असेल तर हेच आकडे १.५ आणि ०.७५ होतात. (तंतूचा रोध तापल्यावर वाढतो, म्हणून प्रत्यक्षातले आकडे थोडे वेगळे येतील. हा फरक का पडतो, तेही विद्यार्थ्यांना विचारावे.)

एकसर जोडणी कालबाह्य झाली असे मात्र कोणी समजू नये. गणेशोत्सवात आणि नवरात्रात कोल्हापूरच्या गल्लोगल्ली लागणाऱ्या जुन्या माळांमध्ये ६ व्होल्टचे ३८-४० बल्ब एकसर जोडलेले असत. २३० ला ६ ने भागले की ही संख्या का, ते कळते. शिवाजी उद्यमनगरातील मोटार रिवाइंडिंग करणारा मिस्त्री गुंडाळी तपासण्यासाठी तिच्याशी एक दिवा एकसर जोडतो. दिवा पूर्ण पेटला तर गुंडाळी शॉर्ट, मंद पेटला तर ठीक, पेटलाच नाही तर तार तुटलेली. त्या दिव्याच्या उजेडावरून तो रोधाचा अंदाज घेत असतो. आपल्या वर्गातील काही मुले या मिस्त्रींच्या घरची असतील, त्यांना हे जरूर सांगू द्यावे. मात्र हे काम जाणकाराचे आहे. वर्गातील प्रयोग सेलवरच करावेत, भिंतीतल्या विजेवर नव्हे.

प्रीस यांना सूत्र येत होते आणि गणितही येत होते. त्यांनी विचारायला हवा होता तो प्रश्न असा: दिवे वाढले की स्रोत काय स्थिर ठेवतो, धारा की दाब? फळ्यावर सूत्र लिहिण्यापूर्वी हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, त्यांचे अंदाज वहीत लिहून घ्यावेत आणि मगच तिसरा बल्ब जोडावा.