कंबरदुखीवरच्या योगाची कुळकथा

जुनाट कंबरदुखीवर योग हा उपचार ऋषिमुनींपासून चालत आला, असे सर्रास सांगितले जाते. आसने जुनी आहेत, यात शंका नाही. पण पंधराव्या शतकातली स्वात्मारामांची ‘हठप्रदीपिका’ मत्स्येंद्रासनाचे गुण सांगते ते जठराग्नी आणि कुंडलिनी यांच्या संदर्भात. कंबर धरलेल्या माणसासाठी वेगळा उपचारक्रम तिथे नाही. तो घडला विसाव्या शतकात, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले, ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले आणि यौगिक क्रिया क्ष-किरणांखाली तपासल्या. आसनाचा गुण मोजून दाखवता आला पाहिजे, हा आग्रह तिथे रुजला. 1937 पासून पुण्यात शिकवणाऱ्या बी. के. एस. अय्यंगारांनी भिंतीचे दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्ची यांच्या आधाराने आसनच दुखणाऱ्या शरीराच्या मापाचे केले.

याच पद्धतीची कंबरदुखीवरची एक चाचणी अमेरिकेत झाली. 90 रुग्ण, 24 आठवडे; 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत योग करणाऱ्यांचे दुखणे आणि हालचालीतली अडचण कमी झालेली दिसली. यावर आक्षेप असा की, 2011 मध्ये 228 जणांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीत योग साध्या ताणाच्या व्यायामांपेक्षा सरस ठरला नाही. आक्षेप खरा आहे आणि तो मान्यच करायला हवा: योग चमत्कार नाही, त्याचा गुण मध्यम आहे. मात्र बोस्टन परिसरातल्या बहुतांशी कमी उत्पन्नाच्या 320 रुग्णांवरची 2017 ची चाचणी सांगते की, योगवर्ग फिजिओथेरपीच्या तोडीचा ठरला. जिथे फिजिओथेरपिस्ट गाठायला दिवसाची मजुरी बुडते, तिथे ही बरोबरी फार मोलाची आहे.

ठाणे जिल्ह्यातले शहापूर आणि मुरबाड हे असेच तालुके. पावसाळ्यात भाताच्या लावणीला बाया दिवसदिवस चिखलात ओणव्या असतात. पुढे कापणीलाही तेच. तानसा, भातसा ही धरणे मुंबईला पाणी देतात, पण शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात हंडे डोक्यावरूनच येतात. एवढे कष्ट करणारीला आणखी व्यायाम कशाला, असे कुणी विचारील. पण कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे. लावणीत कंबर तासन्‌तास एकाच दिशेला वाकलेली राहते, ओझे मणक्यावर येते, आणि थांबायचे कधी हे तिच्या हाती नसते. भुजंगासन, सेतुबंध, मार्जारासन कंबरेला उलट दिशेची, सावकाश, श्वासाच्या लयीतली हालचाल देतात. दुखेल तिथे थांबण्याची मुभाही देतात. अर्थात पाय बधिर होणे, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप येणे, वजन घटणे ही लक्षणे दिसली तर आसन नव्हे, डॉक्टरच हवा.

योग शिकवला की शासनाची जबाबदारी संपली, असेही होता कामा नये. नळ दारात आलाच पाहिजे. पण हा उपचार जर शंभर वर्षांत, माणसांच्या शरीराकडे पाहत पाहत घडला असेल, तर तो अजूनही घडवता येतो. पुण्यात खुर्ची आणि दोर आले, तसे इथे ओट्याची कड, घराची मेढ आणि लावणीचे वेळापत्रक त्यात आले पाहिजे. ऋषींच्या नावाने तो गोठवून ठेवला, तर ज्यांची कंबर सर्वांत जास्त झिजते त्यांच्यापर्यंत तो पोचणार नाही.