पाचशे जणींची सायकलवारी

स्वयंपाक आटोपला असेल तर बसा निवांत, नसेल तर भाकरी थापता थापता ऐका.

मागच्या महिन्यात आमच्या श्रोता गटाची बैठक होती. बोलता बोलता एकीने मोबाइलवर फोटो दाखवला. डोंगराचा रस्ता, एकामागे एक सायकली, डोक्यावर हेल्मेट घातलेल्या बायका. बायका म्हणजे बौद्ध भिक्षुणी. काठमांडूपासून लेहपर्यंत चार हजार किलोमीटर सायकल चालवत गेल्या होत्या. कशासाठी? तर मुली विकल्या जाऊ नयेत, हे गावोगावी सांगण्यासाठी. आम्ही सगळ्या कौतुक करत होतो. तेवढ्यात कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, "अगं, मदतच करायची तर ट्रक भरून धान्य न्यावं. पाय कशाला मोडून घ्यायचे?"

हसू आलं सगळ्यांना, पण उत्तर कुणालाच देता आलं नाही. आम्ही घरी गेलो तरी तो प्रश्न मागे लागला. लोकांच्या भल्यासाठी लांबवर सायकल चालवायची, म्हणजे नेमकं काय होतं? आजचं बोलणं हे आजींना दिलेलं उत्तर आहे. थोडं उशिरा सुचलेलं.

आधी या भिक्षुणी कोण ते पाहू. हिमालयात बौद्ध धर्माचा द्रुक्पा नावाचा पंथ आहे, आठशे वर्षांहून जुना. नेपाळ, भूतान, लडाख या भागात त्याचे मठ आहेत. मठांतली जुनी रीत आपल्या ओळखीचीच. पूजापाठ चालवायचा, शास्त्र शिकायचं ते भिक्षूंनी. स्वयंपाक आणि झाडलोट भिक्षुणींनी. या पंथाचे प्रमुख ग्यालवांग द्रुक्पा यांनी ही रीत बदलायला घेतली. व्हिएतनाममध्ये त्यांनी लढाईची कला शिकणाऱ्या भिक्षुणी पाहिल्या होत्या. २००८च्या सुमारास काठमांडूजवळच्या मठात भिक्षुणींना कुंग फू शिकवायला सुरुवात झाली. अंग मोकळं झालं, भीड मोडली. पुढे त्या मोठ्या पदयात्रा आणि सायकलयात्राही करू लागल्या.

मग आला २५ एप्रिल २०१५ हा दिवस. नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे ९,००० माणसं गेली, लाखो घरं पडली. या भिक्षुणींना सुरक्षित जागी हलवायची तयारी झाली होती, पण त्यांनी जायला नकार दिला. आसपासच्या गावांत चालत गेल्या, दगडमाती उपसली, तंबू ठोकले, धान्य वाटलं. म्हणजे आजी, धान्य त्यांनी आधी वाटलंच होतं. सायकल त्यानंतर आली.

धान्य वाटताना त्यांच्या कानावर एक गोष्ट पडली. गरीब घरातल्या मुली विकल्या जाताहेत. घर पडलं, गुरं गेली, पोटाला नाही, अशा घरात मुलगी हा भार वाटू लागतो. नेमका त्याच वेळी कुणीतरी येतो. बहुतेकदा ओळखीतलाच. शहरात नोकरी लावतो म्हणतो, नाहीतर हुंड्याशिवाय लग्न जमवतो म्हणतो. नेपाळ आणि भारत यांच्यातली सीमा १,७०० किलोमीटरहून लांब आणि खुली आहे. दोन्हीकडच्या लोकांना पासपोर्ट-व्हिसा लागत नाही. रोटीबेटीचे व्यवहार असलेल्या लोकांसाठी ही मोठी सोय आहे. पण मुलीला फसवून नेणाऱ्यालाही तीच सोय मिळते.

हा रस्ता आपल्या महाराष्ट्रापर्यंत येतो, मैत्रिणींनो. फेब्रुवारी १९९६मध्ये मुंबईत पोलिसांनी कुंटणखान्यांवर मोठे छापे घातले आणि शेकडो मुली सोडवल्या. त्यांत नेपाळच्या मुली मोठ्या संख्येने होत्या. सुटका झाली म्हणजे संपलं असं नव्हतं. कितीतरी महिने त्या सरकारी निवाऱ्यांत पडून राहिल्या, कारण त्यांना परत न्यायला कुणी पुढे येईना. शेवटी नेपाळमधल्या संस्थांनी शंभराहून अधिक जणींना परत नेलं. तिथेही समाज त्यांच्याकडे वाकड्या नजरेने पाहत होता. त्यांच्यातल्या १५ जणींनी मिळून 'शक्ती समूह' नावाची संघटना उभी केली. विक्री झालेल्या बायकांनी स्वतःच, स्वतःसारख्या दुसऱ्या मुलींसाठी चालवलेली संघटना. २०१३ साली तिला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे ज्या रस्त्याने या मुलींना मुंबईला आणलं गेलं, त्याच रस्त्याने परत जाऊन त्यांनी बाकीच्यांसाठी वाट अडवून धरली.

आता पुन्हा भिक्षुणींकडे येऊ. २०१६ साली नेपाळ, भारत, भूतान आणि तिबेटमधल्या सुमारे पाचशे भिक्षुणी काठमांडूहून सायकलवर निघाल्या. काठमांडू समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंच, लेह सुमारे ३,५००. आणि लेहला रस्त्याने जायचं तर उंच घाट ओलांडावेच लागतात. वर गेलं की हवा विरळ होते, दहा पावलं टाकली तरी धाप लागते, तिथे या सायकल मारत चढल्या. वाटेतल्या गावांत थांबायच्या, लोकांशी बोलायच्या, अधिकाऱ्यांना आणि धर्मगुरूंना भेटायच्या. गरिबांना अन्न द्यायच्या, आजाऱ्यांना उपचार मिळवून द्यायला मदत करायच्या. सांगायच्या एकच, मुलगी ही मुलापेक्षा कमी नाही. लांबचा असा सायकलप्रवास त्या चौथ्यांदा करत होत्या.

त्यांच्यातल्या एकीने वार्ताहरांना सांगितलेली एक गोष्ट आम्हाला फार आवडली. सायकलवरच्या या घोळक्याला पाहून लोकांना वाटायचं, ही मुलंच आहेत. जवळ आल्यावर कळायचं, मुली आहेत, आणि त्यातही भिक्षुणी. मग लोक थक्क व्हायचे. तिच्या बोलण्याचा आशय असाही होता, की भिक्षुणीने मठात बसून प्रार्थना करावी असं लोकांना वाटतं, पण नुसती प्रार्थना पुरत नाही.

इथे आजींचा प्रश्न पुन्हा येतो. हेच सांगायला जीपने गेलं तर चालणार नाही का?

आजी, पंढरपूरला एसटीही जाते. तरी तुम्ही चालत जाताच ना? एसटी वाटेतली गावं मागे टाकत जाते, दिंडी गावागावांतून जाते. गाव पाणी घेऊन येतं, पाय चेपायला बसतं, मुक्कामाला अंगण झाडून देतं. रात्री बोलणं होतं. जीपमधून कुणी आलं तर लोक उभे राहून भाषण ऐकतात आणि घरी जातात. घामाने निथळलेली बाई सायकलवरून उतरून पाणी मागते, तेव्हा घरातली बाई तांब्या घेऊन बाहेर येते आणि विचारते, "कुठून आलीस गं?" खरं बोलणं तिथून सुरू होतं.

आता इतिहासात जरा मागे जाऊ. बाई सायकलवर बसली की लोक बघत राहतात, हे जुनंच आहे. १८९४ साली अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातून ॲनी कोपचोव्स्की नावाची बाई सायकल घेऊन जगप्रवासाला निघाली. तीन लेकरांची आई. लंडनडेरी नावाच्या पाणी विकणाऱ्या कंपनीने तिला १०० डॉलर दिले. बदल्यात तिने सायकलला कंपनीची पाटी लावली आणि ॲनी लंडनडेरी हेच नाव घेतलं. आधी लांब झगा घालून जड सायकल चालवत होती. पुढे शिकागोला हलकी, पुरुषी बनावटीची सायकल घेतली, झग्याच्या जागी विजार आली. समुद्र अर्थातच बोटीने ओलांडले, आणि १८९५मध्ये ती शिकागोला परतली. वाटेत ती भाषणं करायची, फोटो विकायची, स्वतःबद्दलच्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगायची. एकटीच होती. लोक तिलाच बघायला यायचे, आणि बघून झालं की घरी जायचे. तिच्या मागून गावातली दुसरी बाई सायकलवर बसली पाहिजे, अशी काही सोय तिच्या हातात नव्हती.

ती सोय झाली आपल्या देशात, तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात, शंभर वर्षांनी. १९९१ साली तिथे साक्षरतेची मोठी मोहीम सुरू झाली, नाव 'अरिवोळी इयक्कम', म्हणजे ज्ञानप्रकाशाची चळवळ. त्या वेळच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी एक वेगळी गोष्ट केली. पाटी-पुस्तकाबरोबर सायकल शिकणं हेही मोहिमेत धरलं. बाई शिकायला आणि शिकवायला दुसऱ्या गावी जाणार कशी? बसची वाट बघत, नाहीतर घरातल्या पुरुषाची. मग अक्षरं येऊन उपयोग काय?

शेतमजूर बाया, दगडखाणीत खडी फोडणाऱ्या बाया, अंगणवाडीताई, सगळ्या शिकल्या. रस्त्यावर शेरे मारणारे होतेच. पण एक-दोघी असत्या तर त्या शेऱ्यांनी परतल्या असत्या; इथे गावची गावं शिकत होती. पत्रकार पी. साईनाथ यांनी याबद्दल सविस्तर लिहिलं आहे. त्यांच्या लिखाणानुसार एक लाखाहून अधिक ग्रामीण बायका सायकल शिकल्या, आणि १९९२च्या महिला दिनी १,५०० जणी हँडलला झेंडे लावून पुदुक्कोट्टै शहरातून गेल्या. दुकानांत लेडीज सायकली मिळेनात, तेव्हा बायांनी जेंट्स सायकली घेतल्या. काहींना तर त्याच बऱ्या वाटल्या, कारण पुढच्या दांडीवर पोर बसवता येतं. ही हिशोबी अक्कल बाईशिवाय कुणाला सुचणार!

बघा, ॲनी आणि या बाया यांच्यातला फरक. एकटी निघाली तर लोकांना तमाशा वाटतो. हजार निघाल्या की लोक बाजूला सरकून वाट देतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेवरून एकटीलाही जाता येतं.

सायकलने नेमका काय फरक पडतो, याचा हिशोबही झालेला आहे. बिहार सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थतज्ज्ञांनी याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढलं. जिथे शाळा तीन किलोमीटरहून लांब होती, तिथे जास्त फरक पडला. शिवाय मुली रस्त्याने एकत्र जात, त्यामुळे सोबत मिळे. इथेही पुन्हा घोळकाच.

म्हणून आजी, आमचं उत्तर असं. मुलीला पळवून नेतात तेव्हा तीही लांबचा प्रवासच करते. टेम्पो, बस, रेल्वे, दुसरा देश. पण त्या प्रवासात कुठे जायचं हे तिला ठाऊक नसतं, उतरायचं कुठे हे तिच्या हातात नसतं. पाचशे भिक्षुणी त्याच मुलखातल्या रस्त्यांवरून गेल्या आणि गावागावांतल्या मुलींना दाखवून गेल्या, की बाई लांब जाऊ शकते. स्वतःच्या पायांनी, स्वतः ठरवलेल्या गावाला, सोबतिणींना घेऊन. भाषणात हे सांगता आलं असतं. दाखवायला मात्र सायकलच लागली.

धान्याचा ट्रकही लागतोच. तो रिकामा झाला की परत जातो. बाई सायकलवरून गेलेली पाहिलेली मुलगी मात्र गावातच राहते.

आता आपल्या गावाकडे. आपल्याकडेही शाळेतून मुलींना सायकली मिळतात. दहावी-बारावी झाली की काय होतं? सायकल भावाकडे जाते किंवा गोठ्यात ज्वारीच्या कडब्यामागे जाऊन बसते. बैठकीनंतर आम्ही स्वतःच्या घरात पाहिलं. आम्हा सहा जणींच्या घरांत मिळून चार सायकली निघाल्या, चारही हवा गेलेल्या. आणि सहांपैकी चौघींना चालवता येत नाही, हेही कबूल करतो. रेडिओवर शहाणपण सांगणाऱ्या आम्ही!

तेव्हा ठरलं आहे. येत्या रविवारपासून सकाळी सहाला शाळेच्या मैदानावर आम्ही शिकणार. पडणार, गुडघे फुटणार, पोरं हसणार. तुम्हीही या. साडीचा काचा मारून या, नाहीतर पंजाबी घालून या. चाळीस जणी झालो की तालुक्यापर्यंत जाऊ, आणि वाटेतल्या प्रत्येक गावात थांबून एवढंच सांगू: शहरात नोकरी लावतो, हुंड्याशिवाय लग्न जमवतो, असं म्हणत कुणी आलं तर पत्ता विचारा, त्या ठिकाणी स्वतः जाऊन बघा, ग्रामपंचायतीत कळवा. मूल संकटात दिसलं तर १०९८ या नंबरवर फोन करा, पैसे पडत नाहीत.

आजींना आम्ही हे सगळं वाचून दाखवलं. ऐकून म्हणाल्या, "बरं, मी काही चालवणार नाही. पण वाटेत आमच्या दारात थांबा, पिठलं-भाकरी मी घालते." मग म्हणाल्या, "आणि नातीची सायकल गोठ्यातून काढा आधी. तिलाही घेऊन जा."