मालट्रकचे जादा दिवे : जोडणी व सुरक्षा

मालट्रकचे जादा दिवे (फोकस) : कारखान्यातून आलेल्या हेडलाईटशिवाय गाडीवर नंतर बसवून घेतलेले दिवे. हॅलोजनचे गोल फोकस, एलईडी बार, पिवळे फॉग लाईट आणि माल उतरवताना लागणारा मागचा दिवा हे सारे यात येतात.

वऱ्हाडात या दिव्यांची गरज खोटी नाही. अमरावती–बडनेरा–मूर्तिजापूर–अकोला हा राष्ट्रीय महामार्ग ५३ (पूर्वीचा ६) आता चांगला आहे. जून २०२२ मध्ये याच पट्ट्यात ७५ किमी. लांबीची डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकली गेली आणि तिची गिनीज बुकात नोंद झाली. पण महामार्ग सोडून दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्याकडे वळले की बिनरिफ्लेक्टरची कापसाची ट्रॉली किंवा बैलगाडी अगदी जवळ आल्यावरच दिसते. परतवाड्याहून सेमाडोह–धारणीकडे जाताना जंगलातली जनावरे आडवी येतात, तर चिखलदऱ्याच्या घाटात पावसाळ्यात धुके असते. म्हणून चालक उजेड वाढवतो. वाढवणे सोपे आहे. कसब लागते ते उजेड वेळेवर विझेल अशी जोडणी करण्यात. समोरून गाडी आली की तो डिपरसरशी विझला पाहिजे, आणि तार घासून शॉर्ट झाली की फ्यूजसरशी.

व्होल्टचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. मोठ्या मालट्रकात १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडून २४ व्होल्ट मिळवलेले असतात; पिकअप व छोट्या टेम्पोत १२ व्होल्टच असतात. बाजारात १२ व्होल्टचे दिवे मुबलक, म्हणून ट्रकच्या दोनपैकी एकाच बॅटरीवरून तार ओढून ते पेटवले जातात. दिवा लागतो, पण भार एकाच बॅटरीवर पडतो. अल्टरनेटर मात्र जोडीचे मिळून व्होल्टेज बघून चार्जिंग देतो. त्यामुळे एक बॅटरी अर्धपोटी राहते आणि दुसरीचे पाणी उडते. थोड्याच काळात जोडीच बदलावी लागते आणि दोष बॅटरी विकणाऱ्याला दिला जातो. २४ व्होल्टचेच दिवे घ्यावेत, नाहीतर पुरेशा क्षमतेचा कन्व्हर्टर लावावा. रिलेही गाडीच्याच व्होल्टची हवी. १२ व्होल्टच्या रिलेची कॉइल २४ वर जळते.

मूळ जोडणी अशी. बॅटरीच्या धन टोकावरून निघालेल्या तारेत, टोकापासून वीतभर अंतराच्या आतच फ्यूज बसवतात. फ्यूज दिव्यासाठी नसून तारेसाठी असतो. तो केबिनमध्ये लावला तर बॅटरीपासून केबिनपर्यंतचा सगळा तुकडा उघडा पडतो. फ्यूजमधून तार रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनवर, ८७ वरून दिव्यांकडे, ८५ अर्थला. ८६ वर बटणाची तार येते, आणि सारी गोम या तारेत आहे. बटणाला करंट थेट बॅटरीचा न देता हेडलाईटच्या अप्परचा द्यावा. मग चालकाने डिपर दिला की फोकस आपोआप विझतात. ट्रकच्या मागे ‘यूज डिपर ॲट नाईट’ रंगवायचे आणि स्वतःचे फोकस मात्र डिपरच्या कक्षेबाहेर ठेवायचे, हा प्रकार या रस्त्यांवर नवा नाही. काही गाड्यांत हेडलाईटचे बटण ऋण बाजू तोडते. अशा वेळी ८५–८६ ची जोडणी बदलते, म्हणून टेस्ट लॅम्पने खात्री केल्याशिवाय तार कापू नये. बीएस-६ गाड्यांत (एप्रिल २०२० पासून) कंट्रोल युनिट असते. तिथे रिलेमध्ये कॉइलचा उलटा झटका शोषणारा डायोड वा रेझिस्टर असावा, आणि मूळ हार्नेस सोलून तार जोडू नये.

तारेची जाडी अंदाजाने ठरवू नये. पिकअपवर ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० भागिले १२, साधारण ९ अँपिअर. ५ मीटर लांबीच्या १ चौ. मिमी. तांब्याच्या तारेत एवढ्या करंटला पाऊण व्होल्टहून अधिक पडते. हॅलोजनचा जवळपास पाचवा हिस्सा उजेड वाटेतच जातो आणि तार तापते ती वेगळीच. २.५ चौ. मिमी. घेतल्यास ही घट अडीचपटीने कमी होते. इथे १५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. २४ व्होल्टवर ७० वॅटच्या दोन दिव्यांना ६ अँपिअरच लागतात. १० चा फ्यूज बस्स. ‘फ्यूज सारखा उडतो’ म्हणून ३० चा घालणे किंवा त्या जागी तार गुंडाळणे हा आगीला दिलेला परवाना आहे.

जोड पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळणे वऱ्हाडात उन्हाळाभरही टिकत नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जातो, इंजिनजवळ त्याहून कितीतरी जास्त; पट्टीचा गोंद वितळतो आणि जोड उघडा पडतो. थिंबल दाबून बसवावे, वर हीट-श्रिंक स्लीव्ह चढवावी. पत्र्यातून तार जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच. अर्थसाठी चेसिसचा रंग खरवडून दातेरी वॉशर लावतात. निम्म्या ‘दिवा मंद’ तक्रारी तिथेच मिटतात. काम करताना बॅटरीचे ऋण टोक आधी सोडावे व शेवटी जोडावे. नंतर दिवे अर्धा तास पेटते ठेवून फ्यूज होल्डरला हात लावून बघावा. चटका बसला तर जोड ढिला आहे.

कापूस भरणाऱ्या गाडीवर मागचा दिवा लावताना तार फाळक्याला वा ताडपत्रीला घासू देऊ नये. सुट्या कापसात पडलेली ठिणगी आत धुमसत राहते आणि धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. इंधनाच्या टँकरला गल्लीतल्या वायरमनने हातच लावू नये. तिथली विद्युतरचना पेट्रोलियम नियमांखाली येते आणि ते बघणाऱ्या पेसो या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूरलाच आहे.

कायद्याची बाजू कडक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ प्रमाणे झोत कायम खाली झुकलेला हवा, नाहीतर चालकाला तो खाली वळवता किंवा डिपरसरशी विझवता यायला हवा. ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवता कामा नये. केबिनच्या छतावरचा एलईडी बार या कसोटीला उतरणे अवघडच. समोर स्पॉट लाईट वा सर्च लाईट नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय चालत नाही (नियम १११). ज्या पुढच्या लोखंडी गार्डवर फोकस टांगतात, तसले गार्डही मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध असल्याचे केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले आहे. धुक्यात उपयोगी पडतो तो बंपरच्या खाली बसवलेला, वरची कड कापलेला रुंद झोत. उंचावरचा पांढरा प्रकाश धुक्यावर आदळून चालकाच्याच डोळ्यांत येतो.

गाडी अमरावतीची (एमएच २७) असो वा अकोल्याची (एमएच ३०), पासिंगच्या दिवशी फोकस उतरवून दुसऱ्या दिवशी परत चढवायचे, हा मार्ग काही मालक धरतात. नियम त्याने पाळला जात नाही, शिवाय दर काढघालीत थिंबल सैल होतात आणि उघडी टोके बंपरमागे लोंबत राहतात. दिवा उतरवायचाच असेल तर मागची तार फ्यूजपासून सोडून द्यावी.